घर मोडले तरी मूल मोडू नये

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर घटस्फोट आणि मुलांचा ताबा ह्या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विवाह जुळविताना आपल्याकडे सारे गाव पुढे येते. मध्यस्थ येतात, मामा-काका येतात, याद्या होतात, सुपारी फुटते. तोच विवाह मोडकळीस आला म्हणजे मात्र माणसे हळूहळू बाजूला होतात. पतिपत्नी एकाकी पडतात आणि त्या दोघांच्या मध्ये उभे असलेले मूल तर त्यांच्याहूनही एकाकी पडते. त्याचे म्हणणे ऐकण्यास कोणाला सवड नसते. कायद्याने त्या मुलासाठी पुष्कळ तरतूद केली आहे. परंतु ती तरतूद त्याच्यापर्यंत पोहोचविणारा माणूस जवळ असावा लागतो.

भांडण विकोपाला गेल्यावर कुटुंबे प्रथम न्यायालयात जात नाहीत. ती सरपंचाकडे जातात, पोलीस पाटलाकडे जातात, शाळेतील गुरुजींचा सल्ला घेतात. त्या पहिल्या भेटीत जो सल्ला मिळतो त्यावर पुढील दहा वर्षे अवलंबून असतात. यास्तव ह्या विषयाची कायदेशीर व व्यावहारिक बाजू गावातील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वपीठिका

घटस्फोट ही परकीय कल्पना आहे असा एक समज आहे. तो खरा नाही. काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी हे शब्द मराठीत जुनेच आहेत आणि अनेक जातिजमातींत काडीमोड व त्यानंतरचा पाट रूढीने मान्य होता. ज्या समाजांत तो मान्य नव्हता त्या समाजांतील स्त्रीला मात्र सुटकेचा मार्ग नव्हता. मुंबईच्या रखमाबाई ह्यांची कहाणी सुप्रसिद्ध आहे. बालपणी लागलेल्या विवाहाच्या आधारे पतीने १८८४ मध्ये त्यांच्यावर दावा केला. १८८७ मध्ये उच्च न्यायालयाने नांदावयास जा, अन्यथा सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या, विलायतेत वैद्यकशास्त्र शिकल्या आणि पुढे त्यांनी गुजरातेत दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड ह्यांच्या कारकीर्दीत १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये तसा कायदा केला. संपूर्ण देशासाठी हिंदू विवाह अधिनियम १९५५ च्या मे महिन्यात अमलात आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रखमाबाईंचे निधन झाले. ज्या हक्कासाठी त्यांनी तुरुंगाची तयारी ठेवली होती तो हक्क कायद्याच्या पुस्तकात आलेला त्यांच्या हयातीतच दिसला. १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोय त्यात झाली.

कोणास कोणता कायदा

सर्वांना एकच कायदा लागू नाही. हिंदू, बौद्ध, जैन व शीख ह्यांना १९५५ चा अधिनियम लागू होतो. नोंदणी पद्धतीने विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली विवाह केलेल्यांना तोच अधिनियम लागू होतो. ख्रिस्ती समाजासाठी १८६९ चा कायदा असून २००१ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. पारशी समाजासाठी १९३६ चा कायदा आहे. मुस्लिम स्त्रीस १९३९ च्या अधिनियमाखाली न्यायालयाकडून विवाहविच्छेद मिळू शकतो. एका दमात तीनदा तलाक उच्चारण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अवैध ठरविली आणि २०१९ च्या अधिनियमाने तो अपराध ठरला. अशा स्त्रीला निर्वाह भत्ता व अज्ञान मुलांचा ताबा मागण्याचा हक्क त्याच अधिनियमाने दिला आहे. गोव्यात पोर्तुगीज काळातील नागरी संहिता आणि १९१० चा घटस्फोटाचा कायदा ह्यांची परंपरा चालू आहे. म्हणून सल्ला देण्यापूर्वी विवाह कोणत्या पद्धतीने व कोठे झाला, हे प्रथम विचारावे.

मुद्रांकावरील फारकत

खेड्यांत आजही एक प्रकार सर्रास घडतो. दोन्ही पक्षांची मंडळी बसतात, मुद्रांकाच्या कागदावर फारकतीचा मजकूर लिहिला जातो, पंचांच्या सह्या होतात, कधी नोटरीचा शिक्काही बसतो आणि विवाह संपला असे सर्वजण समजून चालतात. हिंदू विवाह अधिनियमाने रूढीने मिळणारा घटस्फोट मान्य ठेवला आहे हे खरे. परंतु ती रूढी त्या जमातीत प्राचीन, अखंड व निश्चित स्वरूपाची आहे, हे जो सांगतो त्याला पुराव्याने सिद्ध करावे लागते. नुसता कागद हा रूढीचा पुरावा होत नाही. अशी रूढी सिद्ध न झाल्यास तो विवाह कायद्याच्या दृष्टीने जसाच्या तसा कायम राहतो.

ह्याचे परिणाम गंभीर होतात. त्या कागदाच्या भरवशावर पुरुषाने दुसरा विवाह केला तर तो द्विभार्या प्रतिबंधाच्या तरतुदीत सापडतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. दुसऱ्या स्त्रीचा विवाह शून्य ठरतो. त्या संबंधातून झालेली मुले कलम १६ मुळे औरस मानली जातात, हा कायद्याचा उदारपणा होय. परंतु त्यांच्या आईला पत्नीचा दर्जा मिळत नाही. पहिली पत्नी निवृत्तिवेतनासाठी किंवा वारसासाठी उभी राहिली म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर सह्या करणारे पंच साक्षीला बोलाविले जातात. शिवाय अशा कागदात बहुधा एक वाक्य असते: ‘मुलाशी आईचा काही संबंध राहणार नाही’ अथवा ‘मुलाच्या खर्चाशी बापाचा काही संबंध राहणार नाही.’ ही दोन्ही वाक्ये न्यायालयावर बंधनकारक नाहीत. मुलाचा हक्क त्याच्या आईबापांना असा सोडून देता येत नाही.

पंचायत सदस्यांनी म्हणून एक पथ्य पाळावे. समेट घडवून आणण्यासाठी अवश्य बसावे. फारकतीच्या कागदावर सही करू नये. न्यायालयात जाणाऱ्या कुटुंबास वाळीत टाकण्याचा प्रकार कोठे घडत असेल, तर तो महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक अधिनियमाखाली अपराध आहे, हेही ध्यानात ठेवावे.

न्यायालयातील मार्ग

घटस्फोटाचे दोन मार्ग आहेत. पहिला कारणे दाखवून. व्यभिचार, क्रूर वागणूक, दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, असाध्य अथवा सहवास अशक्य करणारा मनोविकार, सात वर्षे ठावठिकाणा नसणे इत्यादी कारणे अधिनियमात दिली आहेत. कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये वगळण्यात आले. क्रूर वागणुकीसंबंधीचा एक महत्त्वाचा निर्णय पुण्याहून सुरू झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिला. फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुरावा येथे लागत नाही, संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते ते पाहावयाचे, असे त्यात ठरले. त्याच वेळी, झालेली वागणूक मागाहून क्षमा करून एकत्र नांदल्यास त्या कारणावर घटस्फोट मागता येत नाही, हेही त्या निर्णयाने स्पष्ट केले.

दुसरा मार्ग परस्परसंमतीचा. त्यासाठी पतिपत्नी किमान एक वर्ष वेगळी राहिलेली असावी लागतात. अर्ज दिल्यावर सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा न्यायालयासमोर यावयाचे असते. २०१७ मधील निर्णयानुसार योग्य परिस्थितीत न्यायालय ही सहा महिन्यांची मुदत माफ करू शकते. हुकूमनामा होईपर्यंत संमती कायम राहिली पाहिजे. मध्यंतरी एकाने ती मागे घेतल्यास अर्ज पुढे चालत नाही. म्हणून मुलाचा ताबा, भेटी, शिक्षणाचा खर्च, दागिने व राहते घर ह्या सर्व गोष्टी अर्जातच तपशीलवार लिहून घ्याव्यात. ‘आपसात ठरले आहे’ एवढ्या मोघम वाक्यावर पुढे दुसरे भांडण उभे राहते.

अर्ज कोठे करावयाचा, हाही नेहमीचा प्रश्न आहे. विवाह जेथे झाला, पतिपत्नी शेवटी जेथे एकत्र राहिली, अथवा विरुद्ध पक्ष जेथे राहतो, तेथील न्यायालयात अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीमुळे पत्नीला ती स्वतः जेथे राहते तेथेही अर्ज करता येतो. माहेरी परतलेल्या स्त्रीचा दूरच्या जिल्ह्याचा हेलपाटा त्यामुळे वाचला आहे. कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४ मध्ये झाला आणि महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे १९८९ मध्ये अशी न्यायालये सुरू झाली. तेथे विवाह समुपदेशक असतात, प्रथम समेटाचा प्रयत्न होतो आणि पक्षकाराची इच्छा असल्यास कामकाज बंद दाराआड चालते. जेथे कुटुंब न्यायालय नाही तेथे दिवाणी न्यायालयात प्रकरण चालते.

खर्चाच्या भीतीने अनेक स्त्रिया मागे राहतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया व मुले ह्यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अथवा जिल्हा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. ही एक माहिती गावातील फलकावर लावली तरी मोठे काम होईल.

ताबा म्हणजे काय

आता ह्या विषयाच्या गाभ्याकडे वळावयाचे. पालकत्व आणि ताबा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालकत्व म्हणजे मुलाच्या शरीरासंबंधी व मालमत्तेसंबंधी निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार. ताबा म्हणजे मूल प्रत्यक्ष कोणाजवळ राहील, कोणाच्या हातचे जेवील, आजारात त्याच्या उशाशी कोण बसेल, हा प्रश्न. बापाकडे पालकत्व असूनही ताबा आईकडे असू शकतो.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये बाप हा नैसर्गिक पालक व ‘त्याच्यानंतर’ आई, असे शब्द आहेत. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असेही त्याच कलमात सांगितले आहे. लेखिका गीता हरिहरन ह्यांनी मुलाच्या नावे रोखे घेताना आईची सही पालक म्हणून स्वीकारण्यात आली नाही, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ मध्ये न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ ह्या शब्दाचा अर्थ केवळ बापाच्या मृत्यूनंतर असा न घेता, त्याच्या अनुपस्थितीत असा लावला. बाप मुलाची काळजी घेत नसेल, दूर असेल, उदासीन असेल, तर त्याच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. शाळेच्या अर्जावर व बँकेच्या कागदावर आईची सही नाकारणाऱ्यांनी हा निर्णय लक्षात ठेवावा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिण्याचा शासनाने घेतलेला निर्णयही ह्याच दिशेचा आहे.

तथापि आई की बाप, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने दुय्यम आहे. १९५६ च्या अधिनियमाचे कलम १३ सांगते की मुलाचे कल्याण हाच सर्वश्रेष्ठ विचार होय. पालक व पाल्य अधिनियम, १८९० प्रमाणे न्यायालय मुलाचे वय, त्याचे लिंग व धर्म, पालक होऊ इच्छिणाऱ्याचे चारित्र्य व कुवत ह्यांचा विचार करते. आणि मूल समजूतदार असेल तर त्याची इच्छाही विचारात घेते. मुस्लिम विधीत मुलगा सात वर्षांचा होईतो व मुलगी वयात येईतो आईकडे असावी, असा हनफी पंथाचा नियम आहे. तेथेही न्यायालये कल्याणाची कसोटी लावतात. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, अशा आशयाचे उद्गार सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये काढले होते. २०१५ मध्ये गोव्यातील एका प्रकरणात पाच वर्षांखालील मूल आईकडे सोपवून, आई अयोग्य आहे हे दाखविण्याची जबाबदारी बापावर असल्याचे त्याच न्यायालयाने सांगितले.

पैसा कोणाकडे अधिक आहे यावर ताबा ठरत नाही. मोलमजुरी करणारी आई केवळ गरीब म्हणून मुलाला मुकत नाही. मुलाच्या खर्चाचा भार बापावर टाकून न्यायालय मूल तिच्याकडे ठेवू शकते. त्याचप्रमाणे केवळ पुरुष म्हणून बाप अपात्र ठरत नाही. ज्याने मुलाला प्रत्यक्ष सांभाळले, त्याची शाळा चालू ठेवली, त्याच्या मनात दुसऱ्याविषयी विष कालविले नाही, त्याचे पारडे साहजिकच जड होते.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली, मूल मोठे झाले, तर तो बदलून मागता येतो. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीचा हक्क मिळतो: ठरलेल्या वारी भेट, सुटीतील काही दिवस, सणावारी एकत्र जेवण. २०२० च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने मुलाला आईबाप दोघांच्याही मायेचा हक्क असल्याचे सांगून, दूर असलेल्या पालकास दूरध्वनी व चित्रसंवादाने बोलू द्यावे असे सुचविले आहे. संयुक्त ताब्याची शिफारस विधी आयोगाने २०१५ मधील आपल्या २५७ व्या अहवालात केली आहे.

मूल पळवून नेणे हा मात्र अत्यंत घातक मार्ग आहे. शाळेतून परस्पर मूल उचलावयाचे, दुसऱ्या जिल्ह्यात ठेवावयाचे आणि मग तेथे अर्ज करावयाचा, हा डाव अनेकदा खेळला जातो. मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयाकडेच ताब्याचा अर्ज चालतो, आणि असे वर्तन पळविणाऱ्याच्या विरुद्धच जाते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही हा प्रश्न उभा राहतो. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नसल्याने, येथे आणलेल्या मुलासंबंधी आपली न्यायालये प्रत्येक प्रकरणात त्याचे कल्याण पाहून निर्णय देतात.

निर्वाहाचा खर्च

ताबा आईकडे गेला म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. दाव्याच्या काळात हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ खाली अंतरिम खर्च मागता येतो. कलम २६ खाली मुलांच्या ताब्यासाठी, पोषणासाठी व शिक्षणासाठी आदेश होतो. कोणत्याही धर्माच्या पत्नीला व मुलांना दंडाधिकाऱ्याकडे जाण्याचा मार्गही मोकळा आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आला आहे. नागपूर येथील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरविले की निर्वाह खर्च अर्जाच्या तारखेपासून द्यावा आणि दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे. यामुळे उत्पन्न लपविण्यास बराच आळा बसला आहे.

मारहाण, हाकलून देणे असे प्रकार असतील तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक अधिनियम, २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे. त्याखाली राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्च आणि मुलाचा तात्पुरता ताबा ही सर्व एकाच अर्जात मागता येतात.

शिक्षकांचे काम

घर फुटल्याची पहिली खूण बहुधा शाळेत दिसते. गृहपाठ अपुरा राहतो, हजेरीत खंड पडतो, बोलके मूल गप्प होते. शिक्षकाने त्या मुलाला घरातील भांडणाविषयी खोदून विचारू नये आणि वर्गासमोर त्याचा उल्लेख तर मुळीच करू नये. शाळेच्या दारात दोन पालक मुलासाठी भांडू लागले, तर मुख्याध्यापकाने न्यायालयाचा आदेश मागावा, त्याची प्रत दप्तरी ठेवावी व त्याप्रमाणे वागावे. आदेश नसेल तर मूल रोज ज्याच्याबरोबर येते-जाते त्याच्याखेरीज अन्य कोणाच्या हाती ते परस्पर देऊ नये. ‘आई चांगली आहे’, ‘बाप व्यसनी आहे’ अशी प्रमाणपत्रे देण्याच्या मोहात पडू नये. हजेरी, प्रगती व फी कोणी भरली एवढीच दप्तरातील माहिती द्यावी.

दुसऱ्या गावी गेलेल्या मुलाचा दाखला अडवून ठेवणे हा मोठा अन्याय आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम ५ प्रमाणे सरकारी अथवा अनुदानित शाळेत बदलून जाणाऱ्या मुलास दाखला तत्काळ द्यावा लागतो, आणि दाखला येण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. आईबापांच्या भांडणात मुलाचे वर्ष वाया जाऊ न देणे शिक्षकाच्या हाती आहे.

पंचायतीचे काम

पंचायत सदस्यांनी काही साध्या गोष्टी केल्या तर पुढील अनेक दावे सोपे होतील. प्रत्येक विवाहाची नोंदणी व्हावी. १९९८ च्या महाराष्ट्र अधिनियमाने ती सोय गावापर्यंत आणली आहे. जन्मनोंद वेळेवर व्हावी. माहेरी येऊन राहिलेल्या स्त्रीला रहिवासाचा दाखला विनाविलंब मिळावा. अंगणवाडी सेविका, आरोग्यसेविका व पोलीस पाटील ह्यांना संरक्षण अधिकारी कोण आणि विधी सेवा समितीचे कार्यालय कोठे, हे ठाऊक असावे. समेटासाठी बसताना स्त्रीचे म्हणणे तिच्या तोंडून ऐकावे, भावाच्या किंवा सासऱ्याच्या तोंडून नव्हे. आणि त्या बैठकीत मूल उपस्थित नसावे.

घटस्फोट हा पतिपत्नींमधील संबंधाचा शेवट आहे. आई आणि बाप ह्या नात्यांना मात्र कोणताही हुकूमनामा संपवू शकत नाही. मुलाची फी भरावयाची असते, ताप आल्यावर रात्र जागवावयाची असते, पुढे त्याच्या लग्नात दोघांनाही अक्षता टाकावयाच्या असतात. दोन प्रौढ माणसांना एकत्र नांदणे जमले नाही, एवढ्याने त्यांच्या मुलाने शाळा, घर आणि माया तिन्हींना मुकावे असे कायद्याला मुळीच अभिप्रेत नाही. हा हेतू गावोगावी साध्य होण्यासाठी सरपंच, सदस्य, गुरुजी व ग्रामपातळीवरील कर्मचारी ह्यांनी योग्य वेळी योग्य दरवाजा दाखवावा, एवढीच अपेक्षा आहे.